राजकन्येचा बॅलन्स आणि बाकीच्या पोरी

जून 2021 च्या शेवटी एस्वातिनीत लोकांच्या मोबाईलवरचं इंटरनेट एकाएकी बंद पडलं. एस्वातिनी म्हणजे जुनं स्वाझीलंड, साउथ आफ्रिका आणि मोझांबिकच्या मधे चिमटीत धरल्यासारखा छोटासा देश, लोकवस्ती साधारण बारा लाख, आणि आफ्रिकेत आता उरलेली एकमेव अशी राजेशाही जिथे राजाचा शब्द खरोखरच शेवटचा असतो. राजकीय पक्षांवर 1973 पासून बंदी. तेव्हा तिथे तरुण पोरं रस्त्यावर उतरली होती, पंतप्रधान आम्हाला निवडू द्या म्हणत होती, दुकानं जळत होती, गोळीबार चालू होता, माणसं मरत होती, आणि नेमकं त्याच वेळी सरकारी यंत्रणेच्या आदेशावरून मोबाईल कंपन्यांनी नेट तोडलं. घरातला पोरगा कुठे आहे, जिवंत आहे का, हे व्हॉट्सॲपवर विचारायची पण सोय राहिली नाही.

त्या वेळी देशाची आयसीटी, म्हणजे माहिती आणि संपर्क तंत्रज्ञान खात्याची मंत्री होती राजकन्या सिखानयिसो. राजा म्स्वाती तिसरा यांची थोरली मुलगी. ब्रिटनमधे शाळा, कॅलिफोर्नियात नाटकाचं शिक्षण, सिडनीला डिजिटल कम्युनिकेशनमधे मास्टर्स, शिवाय स्वतः रॅप करणारी.

हे आज लिहायला बसले कारण दर दोनचार महिन्यांनी कुठे ना कुठे 'मॉडर्न आफ्रिकन प्रिन्सेस' वर एखादा लेख नाहीतर व्हिडिओ समोर येतोच. साचा ठरलेला असतो, एका फोटोत अनवाणी, डोक्यात लाल पिसं, गळ्यात मणी, दुसऱ्या फोटोत जीन्स घालून लॅपटॉपसमोर, आणि खाली लिहिलेलं की बघा हिने परंपरा आणि करिअर दोन्हीचा किती सुंदर बॅलन्स साधलाय. मी पण हे लेख आवडीने वाचत आले, मुलीला वाचून दाखवलेत. पण सिखानयिसोची गोष्ट नीट वाचल्यापासून मला तो बॅलन्स शब्दच खटकायला लागलाय. एका बाईने आपल्या आयुष्यात काय काय जमवलं हे तिचं तिच्यापाशी. चारचौघांत विचारायचा प्रश्न वेगळा आहे, तो असा की परंपरा म्हणजे काय हे ठरवायचा अधिकार कोणाच्या हातात आहे, आणि राजकन्येला जे मोकळं आयुष्य मिळालं त्यातलं थोडं तरी तिच्या देशातल्या खेड्यातल्या पोरीपर्यंत पोचलं का. हे विचारल्याशिवाय नुसतं कौतुक करणं मला चुकीचं वाटतं, आणि त्या बाकीच्या पोरींवर अन्याय करणारं वाटतं.

आधी तिच्या बाजूने बोलते, कारण तिने सोसलंय हे खरं आहे. 2001 मधे राजाने उमच्वाशो नावाची जुनी प्रथा पुन्हा लागू केली. लग्न न झालेल्या पोरींनी पाच वर्षं पुरुषांपासून लांब राहायचं, ओळख म्हणून लोकरीचे गोंडे घालायचे, कोणी नियम मोडला तर दंड एक गाय. एचआयव्हीने देश पोखरला होता, ते कारण सांगितलं गेलं, आणि कारण काही खोटं नव्हतं. पण त्याच वर्षी राजाने स्वतः सतरा वर्षांची मुलगी वधू म्हणून निवडली आणि एक गाय दंड भरली, विषय संपला. त्याच काळात त्याची लेक ब्रिटनमधे शिकत होती तर ती गोंडे का घालत नाही, जीन्स आणि आखूड स्कर्ट कशी घालते यावर इकडे देशात टीका चालू. नंतर 2005 मधे ती बंदी मुदतीच्या आधीच उठवली, तेव्हा सतरा वर्षांच्या सिखानयिसोने राजघराण्याच्या आवारात मैत्रिणींबरोबर गाणी लावून पार्टी केली, तर तिथल्या एका अधिकाऱ्याने तिला काठीने मारलं. राजाची लेक असून! बहुपत्नीत्वात सगळा फायदा पुरुषाचाच होतो आणि हे अन्यायाचं आहे असंही ती कमी वयात जाहीरपणे बोलून गेली होती. ज्या घरात वडिलांच्या दहाच्या वर राण्या आहेत त्या घरात राहून हे बोलायला छाती लागते, हे मी मनापासून मान्य करते. म्हणून तर पुढची गोष्ट जास्त टोचते.

पुढे 2018 मधे वडिलांनी तिला मंत्री केलं. निवडून यायचा प्रश्नच नव्हता. तिथे राजगादी राजाच्या एखाद्या मुलाकडे जाते आणि कुठला मुलगा हे त्याच्या आईच्या घराण्यावरून, मोठ्या मंडळींच्या बैठकीत ठरतं. राजमातेला इंडलोवुकाझी म्हणतात, शब्दशः हत्तीण, आणि राजाच्या जोडीने तिला राज्याचा अर्धा भार मानतात, म्हणजे बाईला मान नाही असं तिथे नाहीच. पण तो मान आईला. थोरली असून लेकीला गादी नाही. लेकीचा मान वेगळा, उम्हलांगाच्या वेळी, म्हणजे दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास हजारो अविवाहित मुली बोरू कापून आणतात आणि राजमातेच्या घराभोवतीचा कूड नव्याने उभा करतात तेव्हा राजकन्या डोक्यात लाल पिसं खोवून सगळ्यांच्या पुढे असते. मला हा सण मागासलेला वगैरे अजिबात वाटत नाही, गावोगावच्या पोरी एकत्र येतात, चालतात, रात्री गातात, राजमातेचा कूड स्वतःच्या हाताने बांधतात, यात एक सुंदर गोष्ट आहे आणि बाहेरचे लोक फक्त उघड्या छातीचे फोटो काढायला येतात तो त्यांचा दोष. माझं भांडण त्या बोरूशी नाही.

माझं भांडण आहे सवलत आणि हक्क यांची गल्लत करण्याशी. सिखानयिसोला परदेशी शिकायला मिळालं, स्टेजवर गायला मिळालं, मनाने कपडे घालायला मिळाले, मंत्रीपद मिळालं, या सगळ्या सवलती आहेत, देणारा एकच माणूस आहे आणि त्याने उद्या हात आखडला तर कोणाकडे दाद मागायची सोय नाही. 2005 च्या राज्यघटनेत लिहिलंय की ज्या प्रथेला बाईच्या मनाचा विरोध आहे ती पाळायची तिच्यावर सक्ती करता येणार नाही. कागदावर किती छान वाक्य आहे हे! पण खेड्यातली बरीचशी जमीन राजाच्या नावाने विश्वस्त म्हणून ठेवलेली, ती वाटतो गावचा मुखिया, आणि तिथल्या रिवाजाने बाईला जमीन मागायची तर बहुतेक वेळा बाप, नवरा, भाऊ, मुलगा असा कोणीतरी पुरुष पुढे करावा लागतो. अशा ठिकाणी एखाद्या पोरीने मुखियाला सांगायचं की मला ही प्रथा पटत नाही, मी येणार नाही? घराखालची जमीनच ज्याच्या शब्दावर टिकून आहे त्याला नाही म्हणायला राज्यघटनेतलं एक कलम पुरत नाही.

आणि तिथे जे थोडंफार बदललं ते कोणी बदललं तेही बघा. नवऱ्याच्या परवानगीशिवाय बायकोला संपत्तीचे व्यवहार करता येत नाहीत, कोर्टात स्वतःच्या नावाने उभं राहता येत नाही असा जुना नियम होता, तो 2019 मधे तिथल्या हायकोर्टाने घटनाविरोधी ठरवला, आणि ती केस लढायला उभी राहिली ती एक सामान्य विवाहित बाई होती, नवऱ्याने सोडलेली, आपल्याच कष्टाची गुरं विकता येईनात म्हणून कोर्टात गेलेली. तिच्या डोक्यात लाल पिसं नव्हती आणि तिच्यावर कोणी बॅलन्सचा लेख लिहिला नाही.

आता कोणी म्हणेल की अहो, पण ती तरी काय करणार, बापाच्या विरोधात जायचं का? 2021 ला तिने राजीनामा द्यायला हवा होता का? नेट तोडायचा आदेश तिने स्वतःच्या हाताने दिला असं मी म्हणत नाही, त्या घरात निर्णय कसे होतात ते बाहेरून कळत नाही. पण खातं तिचं होतं आणि संपर्काचं नियमन करणारी यंत्रणा त्या खात्याखाली होती. डिजिटल कम्युनिकेशन शिकलेल्या माणसाला नेट बंद करणं म्हणजे काय हे कोणी समजावून सांगायला लागत नाही. सोन्याच्या पिंजऱ्यातल्या माणसाकडून बंडाची अपेक्षा करू नये हे मला मान्य आहे, प्रत्येकीने लढावंच असा काही नियम नाही. मात्र मग तिला आदर्श म्हणून आपल्या मुलींपुढे ठेवूही नये. ज्या सत्तेने तिला सतराव्या वर्षी काठीने मारलं त्याच सत्तेचा ती हसरा, शिकलेला, मॉडर्न चेहरा झाली, आणि मॉडर्न चेहरा लागला की जुनी सत्ता जगाला फार भीतीदायक वाटत नाही. हा बॅलन्स कोणाच्या कामाला आला हे यावरून मला तरी स्पष्ट दिसतं.

दुसरीकडे, तिथून फार लांब नाही, साउथ आफ्रिकेच्या लिम्पोपो प्रांतात त्झानीन गावाजवळ वालोयी समाजाची एक गोष्ट घडली आणि ती मात्र कोणाच्या फीडमधे येत नाही. तिथे पारंपरिक प्रमुखाला होसी म्हणतात. होसी फोफोझा न्वामित्वा 1968 मधे वारले, मुलगा नव्हता, थोरली लेक होती, तिन्यिको. बाई होसी होऊ शकत नाही हा त्या वेळचा रिवाज, म्हणून गादी गेली फोफोझांच्या भावाकडे, रिचर्ड यांच्याकडे. लग्नाने शिलुबाना झालेली ती लेक राजकारणात गेली, पुढे खासदार झाली. मधल्या काळात देश बदलला, नवी घटना आली, बाईपुरुष समान असं त्यात लिहिलं गेलं, आणि डिसेंबर 1996 मधे वालोयी राजघराण्याची बैठक बसली आणि त्यांनी स्वतःहून ठराव केला की थोरली लेक असून केवळ बाई म्हणून हिला डावललं होतं, आता ही होसी व्हायला हरकत नाही. रिचर्डकाका तेव्हा राजी होते! पुढे त्यांचं मन बदललं, 2001 मधे ते वारले आणि त्यांचा मुलगा सिडवेल म्हणाला की गादी माझी, परंपरेने बापाकडून लेकाकडे येते. केस हायकोर्टात गेली, शिलुबानाबाई हरल्या. वरच्या कोर्टात गेली, तिथेही हरल्या.

विरोधकांचा एक मुद्दा ऐकल्यावर तर मराठी वाचकाला घरचंच वाटेल. बाई होसी झाली तर तिची मुलं नवऱ्याच्या घराण्याची, मग तिच्यानंतर गादी परक्याकडे जाणार. लेक म्हणजे परक्याचं धन, हे आपल्याकडे वाड्यात, शेतात, दुकानात, सगळीकडे किती वर्षं ऐकलं आपण, तेच तिथे कोर्टाच्या कागदांवर होतं.

शेवटी 4 जून 2008 ला साउथ आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने शिलुबानाबाईंच्या बाजूने निकाल दिला, आणि मला त्या निकालातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती अशी की कोर्टाने परंपरेला बाजूला सारून बाईला न्याय दिला असं झालंच नाही. कोर्टाने म्हटलं की परंपरा जिवंत असते, ती पाळणाऱ्या समाजाला ती बदलायचाही अधिकार असतो, घटनेनेच तो दिलाय, आणि वालोयी लोकांच्या पारंपरिक संस्थांनी तो अधिकार वापरून बाईला होसी केलं, तर आधी असं कधी झालं नव्हतं एवढ्या कारणाने तो निर्णय रद्द करता येत नाही. म्हणजे शिलुबानाबाई परंपरा विरुद्ध आपली स्वप्नं अशा कोंडीत एकट्या उभ्या नव्हत्या. त्यांच्या माणसांनी बसून चर्चा करून परंपरा बदलली आणि त्या बदललेल्या परंपरेतून त्या गादीवर आल्या. तिथे सवलतीचा हक्क झाला, आणि एकदा हक्क झाला की तो एकटीचा राहत नाही, उद्या शेजारच्या गावातली लेकही त्या निकालाचं बोट धरून उभी राहू शकते. माझ्या मनात हाच खरा फरक आहे, आणि म्हणून एकीवर व्हिडिओ होतात नि दुसरीचं नावही आपल्याला माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं.

'आफ्रिकन परंपरा' म्हणून जी काही पुरुषांच्या हातात आहे ती तरी सगळी कुठे जुनी आहे. घानात असांते लोकांचा राजा कोण व्हावा हे नाव आधी पुढे करते ती राजमाता, आणि 1900 मधे इंग्रजांविरुद्ध लढाईला उभी राहिली ती एजिसूची राजमाता याआ असांतेवा. इंग्रज आले, त्यांनी गावोगावच्या म्हाताऱ्या पुरुषांना विचारून रिवाज लिहून काढले, कायद्यात बसवले, साउथ आफ्रिकेत 1927 च्या कायद्याने तर वारसाहक्क जवळजवळ पुरुषांपुरताच पक्का करून टाकला. जे हलतं वाहतं होतं ते गोठलं. ते गोठलेलंच आज परंपरा म्हणून पोरींपुढे ठेवतात आणि म्हणतात की आता साध बॅलन्स.

एक जुनं उदाहरण यात आठवतं ते युगांडातल्या टोरो राज्याच्या राजकन्या एलिझाबेथ यांचं. 1936 चा जन्म, केंब्रिजला शिकल्या, 1965 मधे इंग्लंडच्या बारमधे बॅरिस्टर झाल्या, पूर्व आफ्रिकेतली पहिली बाई. टोरोत राजाची अधिकृत बहीण म्हणून बातेबे असं पद असतं, भाऊ गादीवर बसला तेव्हा त्या बातेबे झाल्या, म्हणजे परंपरेनेच त्यांना पद दिलं होतं, दरबारात वजन दिलं होतं. 1967 मधे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओबोटे यांनी अशी पारंपरिक राज्यंच बरखास्त केली, पद गेलं, मग त्या लंडनला मॉडेलिंगमधे शिरल्या आणि तिथेही वरच्या पायरीला पोचल्या. त्यांच्या आयुष्यात परंपरा आणि महत्त्वाकांक्षा एकमेकींच्या आड आल्याच नाहीत. आड आला तो हुकूमशहा इदी अमीन. त्याने त्यांना आधी फिरत्या राजदूत केलं, मग 1974 मधे परराष्ट्रमंत्री. त्याच अमीनने 1972 मधे 90 दिवसांची मुदत देऊन आशियाई लोकांना देशाबाहेर काढलं होतं, त्यात पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या सरकारी कचेऱ्यांत नोकऱ्या केलेली आपल्या गोव्याची कुटुंबंही होती, हातातल्या एकदोन बॅगा घेऊन निघालेली. आणि जगापुढे त्या राजवटीचा चेहरा कोण, तर केंब्रिजची, देखणी, बोलण्यात हुशार राजकन्या. वर्षाच्या आत अमीनने त्यांना काढलं आणि काढताना पॅरिसच्या विमानतळावरचा एक घाणेरडा खोटा आरोप जाहीरपणे त्यांच्यावर टाकला, बाईला खाली ओढायचं की चारित्र्यावरच जायचं ही रीत सगळीकडे सारखीच. त्यांना देश सोडून पळावं लागलं. तो आरोप छापणाऱ्या वर्तमानपत्रांवर त्यांनी खटले भरून ते जिंकले, पुढे 1986 मधे त्या अमेरिकेत युगांडाच्या राजदूत झाल्या, त्यांच्या जिद्दीबद्दल मला खूप आदर आहे. पण अमीनच्या दरबारातली ती वर्षं मी आदर वाटतो म्हणून सोडून देणार नाही. सिखानयिसोची गोष्ट वाचताना मला तीच वर्षं आठवत राहिली.

आणि आता जी गोष्ट अजून चालूच आहे ती सांगते. लिम्पोपोमधेच बालोबेडू लोक आहेत, त्यांच्याकडे दोनशे वर्षांपासून गादीवर बाईच बसते, मोजाजी, पावसाची राणी. राणीने लग्न करायचं नाही, तिच्या मुलांचा बाप कोण हे राजघराण्याच्या मंडळाने ठरवायचं, असा रिवाज. 2003 मधे माकोबो राणी झाली, पंचविशीची पोरगी, शाळेत शिकलेली, जीन्स घालणारी, डिस्कोला जाणारी. राज्याभिषेकाच्या दिवशी पाऊस भुरभुरला म्हणून लोक खूश झाले होते. तिने आपला जोडीदार स्वतः निवडला आणि तो वरच्या मंडळींना चालला नाही. जानेवारी 2005 मधे तिला मुलगी झाली, मासालानाबो, आणि जूनमधे माकोबो वारली, अगदी तरुण वयात. पाच महिन्यांचं लेकरू राजवाड्यापासून लांब गौतेंग प्रांतात वाढलं. 2021 मधे राजघराण्याच्या मंडळाने जाहीर केलं की गादी तिच्या मोठ्या भावाला देणार, लेकुकेला याला, आणि तिला दुसरं एक मानाचं पद. म्हणजे जिथे परंपरेने बाईलाच गादी दिली होती तिथे परंपरेचंच नाव घेऊन पुरुष बसवला! दोनशे वर्षांत जे झालं नव्हतं ते 2022 मधे झालं, राजपुत्राचा अभिषेक झाला.

मग डिसेंबर 2024 मधे राष्ट्राध्यक्ष रामफोसा यांनी मासालानाबोला राणी म्हणून सरकारी मान्यता दिली. मंडळातल्या लोकांना ते पटलेलं नाही, भाऊ-बहिणीत राज्य वाटलं गेलंय, आणि प्रिटोरियातल्या कागदाने गावातली माणसं एक होत नाहीत हे मलाही दिसतंय. वालोयी लोक जसे बसले तसे बालोबेडू अजून एकत्र बसलेले नाहीत, बायकांसकट, पोरींसकट. पाच महिन्यांची असताना जिची आई गेली ती मुलगी आता विशीत आहे आणि तिच्या आईने स्वतःच्या मनाने निवडलेल्या माणसाची ती लेक आहे. उद्या तिने कोणावर प्रेम करायचं आणि तिच्या मुलांना काय म्हणायचं हा प्रश्न त्या मंडळापुढे पुन्हा येणारच आहे, फक्त या वेळी तो ठरवताना ती स्वतः त्या खोलीत असेल का, एवढंच मी वाट बघून बघणार आहे.